गवत परवडलं!

वीकएण्डला शेतावर पळणारी एक नवी जमात तुमच्याही ऑफिसात असेल. गवतावरचा त्यांचा लाडका उपाय म्हणजे जमिनीवर अंथरायचं काळं विणलेलं कापड. घ्यायला हरकत काहीच नाही. फक्त घेण्याआधी ते काट्यावर ठेवा!

सोमवारची सकाळ. हिंजवडीतल्या एका चकाचक ऑफिसचं कॅन्टीन. समोर वाफाळती कॉफी, आणि माझी मैत्रीण चक्क मोज्यातून काळे दोरे ओढून काढतेय. एक, दोन, पाच... मी मोजायचं सोडून दिलं.

‘हे काय गं?’

‘माझं शेत,’ ती म्हणाली आणि सहावा दोरा टिश्यू पेपरवर ठेवला.

ही गोष्ट मे २०२३ ची. पण ती सुरू होते २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. तेव्हा आपण सगळे घरात बसून डालगोना कॉफी फेटत होतो आणि ही बाई पुण्यातला फ्लॅट बंद करून पुरंदर तालुक्यात, सासवडच्या पुढे, बाबांकडे राहायला गेली. घरची जमीन आहे. थोडी अंजिरं, थोडी बाजरी आणि बराचसा माळ. दिवसभर लॅपटॉपवर कॉल्स आणि संध्याकाळी खड्डे. त्या जुलैत तिनं अर्ध्या एकरात सीताफळाची ८० रोपं लावली. पाच बाय पाच मीटरवर, दोरी धरून, एकदम सरळ रेषेत. एक्सेल शीटच म्हणा ना!

ऑफिसं पुन्हा उघडली आणि मॅडम पुण्यात परतल्या. शेतावर राहिले बाबा, त्यांचे दुखरे गुडघे आणि पावसाळ्यातलं गवत.

गवत म्हणजे आपल्याला वाटतं लॉन. कंपनीच्या गेटपाशी असतं ते, हिरवंगार, ‘कृपया चालू नये’ अशी पाटी लावलेलं. शेतातलं प्रकरण वेगळं असतं. एक ते गाजर गवत. १९५५ च्या सुमारास ते आपल्या पुण्यातच पहिल्यांदा नजरेत आलं आणि तिथून देशभर पसरलं. हाताला लागलं की खाज, परागकण नाकात गेले की शिंका. दुसरी हरळी. ती वरून उपटा, खाली तिचा कारभार चालूच. आणि तिसरा लव्हाळा. तुकोबांनी त्याच्या नम्रतेचं कौतुक केलंय, पण हातात खुरपं असताना ते आठवत नाही. त्याच्या मुळांना गाठी असतात. पातं तुटतं, गाठ मातीत राहते आणि आठवड्याभरात नवं पातं हजर.

यावर गावातला उपाय एकच, खुरपणी. चार-पाच बायका रोजानं येतात, ओळीनं उकिडव्या बसतात आणि दिवसभर हात चालवतात. पण सगळ्यांच्या शेतात गवत एकाच वेळी वाढतं, त्यामुळे बायका हव्या तेव्हा मिळत नाहीत. मैत्रिणीच्या शब्दांत सांगायचं तर ‘रिसोर्स अव्हेलेबिलिटीचा इश्यू’. जूनमधल्या एका रात्री तिनं मोबाइल उघडला आणि ‘वीड मॅट’ सर्च केलं.

तीन महिन्यांचं सुख

फोटोत ते कापड भन्नाट दिसतं. काळंभोर, मधूनमधून रंगीत रेघा, त्यातून डोकावणारं हिरवं रोप. खाली लिहिलेलं, ‘१०० जीएसएम, यूव्ही, पाच वर्षं टिकाऊ’. तिनं हिशोब केला. ८० झाडं, दोन झाडांत पाच मीटर, म्हणजे ४०० मीटर लांबीच्या ओळी. दोन मीटर रुंद आणि ५० मीटर लांब असे आठ रोल. जून २०२१ मध्ये टेम्पो आला, कापड अंथरलं गेलं, फोटो निघाले, स्टेटसवर चढले. मलाही जाम हेवा वाटला होता, खोटं कशाला सांगू?

त्या पावसाळ्यात गवत खरंच आलं नाही. खुरपणीच्या बायकांना निरोप गेला, यंदा नको यायला.

२०२२ च्या उन्हाळ्यात काळा रंग राखाडी झाला. ‘धूळ असेल,’ ती म्हणाली. २०२३ च्या मेमध्ये वळवाच्या वाऱ्यानं कापडाची एक कड उचलली आणि ते फाटलं. फाटलं म्हणजे चिरलं नाही, त्याचा चुरा झाला. विणीतल्या पट्ट्या सुट्या झाल्या, पट्ट्यांचे दोरे झाले, दोऱ्यांचे तुकडे. काही बाभळीला लटकले, काही शेजारच्या बाजरीच्या रानात गेले. बाकीचे तिच्या वडिलांच्या मातीत.

मग खुरपणीच्या त्याच बायकांना परत निरोप गेला. या वेळी गवत काढायला नाही, दोरे वेचायला!

मी पण गेले होते त्या रविवारी. एक मावशी पदरात दोऱ्यांचा ढीग घेऊन बसल्या होत्या. म्हटलं, कसं चाललंय? त्यांनी एक दोरा चिमटीत धरून ओढला. अर्धा हातात आला, अर्धा मातीत राहिला. ‘तुमी पेपरवाल्या ना? मग ल्ह्या,’ त्या म्हणाल्या, ‘गवत परवडलं. त्ये मुळासकट येतं तरी. ह्ये तुटतंय.’

बाबा काहीच बोलले नाहीत. मुलीनं आपल्या पैशानं, आपल्या गुडघ्यांची काळजी म्हणून केलेलं काम, त्याला नावं कशी ठेवणार? ते बांधावर बसून एकेक दोरा युरियाच्या रिकाम्या गोणीत टाकत होते. ती गोणीही, गंमत बघा, त्याच प्लास्टिकची आणि तशाच विणीची होती.

काट्यावर उघडं पडलं

माझ्याकडे एक डिजिटल किचन काटा आहे. केक करण्याच्या जोशात घेतला होता, त्याच्यावर केक एकूण तीन झाले. तो मी तिच्याकडे घेऊन गेले, कारण जीएसएम म्हणजे दुसरं-तिसरं काही नसून एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. घरात एक उरलेला कोरा तुकडा होता. त्यातला मोजून मीटर बाय मीटर कापला, घडी घातली, काट्यावर ठेवला.

६२ ग्रॅम.

रोलवर छापलेलं १००. म्हणजे आठ रोलचे ८०० चौरस मीटर धरले तर ८० किलो प्लास्टिक यायला हवं होतं आणि आलं होतं जेमतेम ५० किलो. वाटेत तीस किलो कुठे गायब झालं? कुठेच नाही, ते कधी बनलंच नव्हतं. पट्टी पातळ काढली की मीटर तेवढेच भरतात. तक्रार करायला दोन वर्षं उशीर झाला होता. बिलावर लिहिलं होतं फक्त ‘गार्डन शीट, ८ नग’.

यातला धडा अगदी सोपा आहे आणि दुकानातल्या दुकानात वापरता येतो. दोन बाय पन्नास मीटरचा रोल म्हणजे १०० चौरस मीटर. कापड १०० जीएसएमचं असेल तर आतली पुठ्ठ्याची नळी सोडून रोलचं वजन दहा किलोच्या आसपास हवं. काटा मागा. दुकानदार भाव नेहमी मीटरवर सांगतो, तुम्ही तो किलोवर आणून बघा. ‘स्वस्त’ रोल किलोच्या हिशोबात बऱ्याचदा महागच निघतो. आणखी एक सोय म्हणजे गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा असतो. म्हणजे गुंठ्याला एक रोल? नाही. दोन पट्ट्या एकमेकींवर वीतभर चढवाव्या लागतात, तिथं चार-पाच मीटर कमी पडतंच.

बाजारात हे कापड साधारण ९० पासून १३० जीएसएमपर्यंत मिळतं. त्याखालचंही मिळतं, हे तुम्ही वाचलंतच. झाडांच्या बुंध्याशी, जिथं कोणाची ये-जा नाही, तिथं शंभरचं पुरतं. नर्सरीची वाट, पॉलिहाउसमधला रस्ता, जिथं ढकलगाडी फिरते, तिथं जाड घ्यावं.

कापडाचं सनस्क्रीन

पण नुसत्या वजनानं काम भागत नाही. हे कापड पॉलिप्रॉपिलिनचं असतं. त्याच्या पातळ फिती काढून उभ्या-आडव्या विणतात. फितींमधल्या बारीक फटींतून पाणी आणि हवा खाली जाते, उजेड मात्र अडतो. उजेड नाही म्हणून गवत नाही, एवढंच त्याचं सायन्स. पॉलिप्रॉपिलिनचा एक वीक पॉइंट आहे, ऊन. उन्हातले अतिनील किरण त्याच्या साखळ्या तोडतात आणि ते ठिसूळ होत जातं. यावर उपाय म्हणून कापड बनवतानाच कच्च्या मालात काजळीचा काळा रंग आणि यूव्ही स्टॅबिलायझर मिसळतात. थोडक्यात सनस्क्रीन, फक्त वरून चोपडलेलं नाही, अंगातच असलेलं.

घोळ असा की ते डोळ्यांना दिसत नाही. चांगलं आणि वाईट कापड पहिल्या दिवशी सारखंच काळं दिसतं. म्हणून विकणाऱ्याकडून लिहून घ्यायचं. जीएसएम किती, यूव्ही स्टॅबिलाइज्ड आहे का, उघड्या उन्हात किती वर्षांची हमी, हे सगळं बिलावर. भारतीय मानक ब्युरोचं या कापडासाठी वेगळं मानक आहे, आयएस १६२०२. त्याचं नाव काढलं तरी समोरच्याचा चेहरा बरंच काही सांगून जातो.

माझ्या मते याहून भारी टेस्ट मैत्रिणीला दुसऱ्या खेपेला सापडली. ती दुकानात गेलीच नाही, एका नर्सरीत गेली. नर्सरीवाले पिशव्या, कुंड्या याच कापडावर मांडतात, वर्षानुवर्षं. तिनं नवा रोल बघितला नाही, जुनं कापड कुठलंय ते दाखवा म्हणाली. नर्सरीच्या मालकांनी कोपऱ्यातला, सावली नसलेला भाग दाखवला. तिनं वाकून कापड नखानं खरवडलं, फिती सरकतात का बघितलं, दोन बोटांत धरून चुरगाळलं. तुटलं नाही. ‘किती वर्षं झाली?’ ‘सहावं चालू आहे.’ मग कुठून घेतलं, एवढंच विचारायचं राहिलं.

आता थोडं कन्फ्युजन दूर करू. दुकानात तीन वेगळ्या वस्तू एकाच नावानं खपवतात. मल्चिंग पेपर म्हणजे पातळ प्लास्टिक फिल्म. मिरची, कलिंगड, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर एखाद्या हंगामापुरता घालतात. त्यातून पाणी जात नाही म्हणून खाली ठिबक लागतं, आणि लव्हाळा तो सुईसारखा भोसकून वर येतो. दुसरं न विणलेलं कापड. कोविडमधले सर्जिकल मास्क आठवा, तसा त्याचा स्पर्श. आणि तिसरं आपलं विणलेलं. त्याखाली लव्हाळा बऱ्यापैकी दबतो, पण मरत नाही. जोडातून, भोकातून नाक वर काढतोच. कापड काढलं की त्याच्या गाठी पुन्हा कामाला लागतात.

अंथरायचं कुठं, आणि कुठं नाही

इथं मला जरा वाद घालायचाय. हे कापड म्हणजे बागेचा कार्पेट, असा आपल्या शहरी डोक्यात समज आहे. ते तसं नाही.

आमच्या सोसायटीचंच उदाहरण घ्या. गेटपाशी एक छान कोपरा केला. खाली कापड, वर पांढरे गोटे, मध्ये तीन पाम. गोट्यांमुळे ऊन लागत नाही, त्यामुळे कापड आजही ठणठणीत आहे. पण शेजारी सोनमोहर आहे. त्याची पानं गोट्यांत पडली, कुजली, दोन पावसाळ्यांत कापडाच्या वरच माती तयार झाली आणि तीत गवत उगवलं. वर एक पिंपळही! त्याची मुळं विणीतून आरपार खाली गेलेली. उपटायला गेलं की कापड वर येतं. माळीकाकांनी हात टेकले. सल्लागारांनी सांगितलं होतं, ‘मेन्टेनन्स फ्री’. गोट्यांतला पालापाचोळा दर महिन्याला काढायचा असतो, एवढं एकच वाक्य कोणी सांगितलं असतं तर पुढचं टळलं असतं.

भाजीच्या वाफ्यातही हे कापड मला पटत नाही. तिथं दर हंगामाला माती हलवायची असते, शेणखत घालायचं असतं. कापडाखालच्या मातीला वरून काहीच मिळत नाही, पान नाही, पाचोळा नाही. काळ्या कापडाखाली माती तापते ती वेगळीच. भाजीला पाचट किंवा वाळलेलं गवत बरं. मी हे मोठ्या ऐटीत बाबांना सांगितलं, झाडांनाही सरमाड का नाही अंथरत? ते हसले. ‘बाई, सरमाड अंथरल्यावर गाय काय खाणार?’ शहरातून शेतीवर आर्टिकल लिहिण्याचे तोटे!

टेरेस गार्डनवाल्यांनो, तुमचं काम याच्या कातरणावर भागतं. कुंडीच्या तळाशी खापरीऐवजी एक तुकडा टाका, पाणी जातं आणि माती राहते. त्यासाठी रोल घेऊ नका.

दुसरी खेप

जून २०२४ मध्ये मैत्रिणीनं पुन्हा कापड घेतलं. या वेळी ८०० मीटर नाही, ८०. प्रत्येक झाडाभोवती एक बाय एक मीटरचा चौकोन, बस्स. लहान झाडाशी पाण्यासाठी भांडणारं गवत तेवढ्यातच असतं. दोन ओळींच्या मधल्या जागेत तिनं ताग पेरला आणि फुलावर आल्यावर मातीत गाडला. बाकी गवत वाढू दिलं, बी धरायच्या आत कापलं. म्हणजे खुरपणीच्या बायका परत आल्या. आधीइतके दिवस नाही, हेही खरं. मावशींना मी तेही विचारलं. त्या म्हणाल्या, ‘चार रोज कमी झालं. पर पाठ बी कमी दुखती.’ आता यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही.

चौकोन कापायला कात्री वापरली नाही. कात्रीनं कापलं की कडेच्या फिती उसवत जातात आणि दोऱ्यांचं प्रकरण पुन्हा सुरू होतं. तापवलेल्या पात्यानं कापलं तर कड वितळून बंद होते. हे उघड्यावर करायचं, धूर नाकात जाऊ द्यायचा नाही. जमीन आधी खुरपून, दगड-काटक्या वेचून सपाट केली. कापडाच्या कडा मातीत दाबल्या आणि लोखंडी यू-पिना ठोकल्या. खोडाभोवतीचं भोक चांगलं हातभर ठेवलं. चिकटून ठेवलं तर पावसाळ्यात बुंधा ओला राहून कुजतो आणि पुढं खोड जाड झालं की कापड गळ्याला आवळतं. ठिबकची नळी तिनं कापडाच्या वर ठेवली. खाली ठेवली असती तर पाणी आणखी वाचलं असतं, पण ड्रीपर तुंबला तर कळणार कसं? रविवारीच येणाऱ्या माणसाला डोळ्यांना दिसेल अशीच नळी बरी, असं तिचं लॉजिक. मला ते पटलं.

आणखी एक काम तिनं केलंय, ते मात्र मला सॉलिड आवडलं. प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलंय, ‘६/२४’. तीन वर्षांनी, फाटायची वाट न बघता, सगळे उचलायचे. तोवर झाडांची सावली पडायला लागेल, गवत आपोआप कमी होईल. धड असलेलं, मातीनं न माखलेलं कापड भंगारवाला घेतो. चुरा कोणीच घेत नाही. २०२३ ची ती पोती अजून गोठ्यामागं पडून आहेत.

दर रविवारी ती एक फेरी मारते. पिना वर आल्यात का, कडेनं हरळी शिरलीय का, कापडाखाली गोगलगायी लपल्यात का. बाबा आता तिच्या मागं मागं काठी घेऊन फिरतात आणि कुठं दोरा दिसला की काठीनं दाखवतात. गेल्या पावसानंतर अजून निघतायत, २०२१ चे.

मला विचाराल तर पुढच्या रविवारी मीही जाणार आहे. सीताफळं बघायला, असं मी सांगितलंय. खरं कारण म्हणजे माझा काटा अजून तिच्याकडेच आहे. गावात कोणी नवा रोल आणला की आधी तो मागायला तिच्या घरी येतात म्हणे.